हिराजी तांडेलाचा हिशेब

मागच्या माघात चिंचणीला एका लग्नाला गेलो होतो. तिसऱ्या पंगतीला भात कमी पडला. वाढणाऱ्यांपैकी एका तरण्या मुलाने रिकामं पातेलं उपडं करून दाखवलं आणि ओरडला, "झाला हिराजीचा हिशेब!" सगळी पंगत हसली. माझ्या शेजारचे गृहस्थ तर ठसका लागेपर्यंत हसले.

मी त्या मुलाला जवळ बोलावलं. "हिराजी कोण रे?"

"काय म्हाईत, आजोबा. तसं बोलतात आमच्याकडं. अंदाज चुकला का हिराजीचा हिशेब."

मी हात धुतले आणि मांडवाबाहेर खुर्ची घेऊन बसलो. जेवण तसंच राहिलं.

माझं वय आता ब्याऐंशी आहे. हिराजी तांडेल हा खराखुरा माणूस होता. त्याचा हिशेब मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि तो चुकला नव्हता. चुकलो होतो मी. हे सांगू शकणारी दुसरी माणसं आता उरली नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

पासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला मी तारापूरच्या बंदर कचेरीत हंगामी कारकून होतो. घर केळव्याचं, सुपारीच्या वाडीतलं. समुद्र रोज दिसायचा, पण त्याच्याशी आमचा संबंध वाडीत खारी हवा येण्यापुरता. तारापूरचं बंदर जुनं. किल्ल्याच्या भिंतीखालून सुरतेला, थेट अरबांच्या मुलखापर्यंत गलबतं जात, असं म्हातारे सांगत. माझ्या वेळेला धक्क्याच्या दगडांत गवत उगवलं होतं. भात, मीठ, पेंढा सगळं बोईसरला जाऊन मालगाडीत चढत होतं. कचेरीच्या नोंदवहीत आठवड्याला दोन ओळी भरल्या तरी पुष्कळ.

धक्क्याला शिडाचा एकच मोठा मचवा उभा असे. त्याचं नाव 'महालक्ष्मी'. मालक हिराजी, आणि तांडेल, म्हणजे नाव चालवणारा, तोही हिराजीच.

वय पंचावन्नच्या पुढे. ठेंगणा, रुंद, पायाची बोटं पंख्यासारखी पसरलेली. डोक्याला लाल टोपी, ती ऊन-पावसाने विटकरी रंगाची झालेली. तो कधी समुद्राकडे पाठ करून बसत नसे. घराच्या पडवीत, धक्क्यावर, कचेरीच्या बाकावर, कुठेही बसण्याआधी तो समुद्र कोणत्या बाजूला आहे ते पाही आणि मगच टेके. कचेरीतला बाक त्याने असाच एकदा स्वतः उचलून फिरवला होता.

"दर्याला पाठ द्यायची नाय, भाऊ," तो मला म्हणे. "बायकोला एक वेळ दिली तं ती बोलून तरी दाखवते. ह्यो बोलत नाय."

त्यावर त्याची बायको मथीबाय आतून म्हणे, "मला लगीन झाल्यापासून यांची पाठच म्हाईत हाय. तोंड दर्यानं बघितलं."

दुसरी सवय दोरीची. त्याच्या कमरेला सुताची एक बारीक दोरी असे. मचव्यावर माणूस चढला की तो त्या दोरीला एक गाठ मारी. उतरला की त्या माणसासमोर ती गाठ सोडी. खलाशी, पाहुणा, बकरी घेऊन आलेली म्हातारी, कोणीही असो. पहिली गाठ स्वतःची असे, आणि सोडायची शेवटी. मी कारकुनी डोक्याचा. विचारलं, "तांडेल, मोजता येतं ना तुम्हाला? मग या गाठी कशाला?"

"मोजता येते की. पन आकडा काय, कोनाचाबी होतो. गाठ त्याचीच असते."

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लिहिलेल्या कागदाबद्दल त्याला फार आदर होता. बाजारात पुडीचा कागद खाली पडला तरी तो उचलून भिंतीच्या फटीत खोचून ठेवी. आमच्या कचेरीत परवान्यावर अंगठा उठवताना तो आधी हात धुऊन येई.

त्या वर्षांत तारापूरजवळ नव्या वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. त्यासाठी परदेशी इंजिनियर आले होते, बायकामुलांसह. त्यांच्यातल्या एका उंच, वाकून चालणाऱ्या इंजिनियराने धक्क्यावर 'महालक्ष्मी' पाहिली आणि तो वेडाच झाला. त्याच्या देशात तो सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवायचा. मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून मध्यस्थ मीच. त्याला रविवारी सगळ्यांना घेऊन समुद्रात सैर करायची होती.

हिराजीला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

"माल काय न्यायाचा?"

"माल नाही. माणसं."

"कुठं उतरवायची?"

"कुठे नाही. फिरायचं आणि इथेच परत यायचं."

"म्हंजे थयंच जायाचं, जिथून निगलो? मंग निगायचं कशाला? घरीच बसा म्हनावं."

पण मचवा रिकामा कुजत होता आणि खलाशी दुसरीकडे निघाले होते. तो तयार झाला. दिवाळीनंतर सैरी सुरू झाल्या. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर, मचवा बाहेर पडे. कधी केळव्याच्या समोरपर्यंत, कधी उत्तरेला डहाणूच्या बाजूने, आणि दुपारी खारा वारा सुटला की त्यावर परत. उंच इंजिनियराचं नाव हिराजीने बगळासाहेब ठेवलं. बगळासाहेबाची बायको पहिल्याच दिवशी सुकाणूपाशी जाऊन बसली आणि खुणेने म्हणाली, मला दे. खलाशी तोंड लपवून हसले. हिराजीने तिचे दोन्ही हात सुकाणूवर नीट ठेवले, वर स्वतःचा एक हात ठेवला, आणि शीड भरल्यावर आपला हात हळूच काढून घेतला. ती आनंदाने ओरडली. हिराजी मला म्हणाला, "हिला सांगा, बाय, आता तू चालवतेस." थोड्या दिवसांनी तर शुक्रवारीच कचेरीत येऊन विचारू लागला, "काय भाऊ, या ऐतवारी येतात का आपली मानसं?" निघायचं कशाला, हे तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

आता हिशेबाचं सांगतो.

तारापूरच्या खाडीच्या अरुंद तोंडाशी, ऐन वाटेवर, एक खडक आहे. त्याला म्हातारी म्हणत. ओहोटीला तो कंबरभर वर येई, भरतीला बुडे. मोठा मचवा आत-बाहेर करायचा तर भरतीच्या ऐन वेळेलाच. परदेशी लोक मला सारखे विचारत, या रविवारी किती वाजता निघायचं? किती वाजता परत? मी हिराजीला विचारलं. त्याने एक फुटकं कौल घेतलं, चुलीतला कोळसा घेतला आणि मला शिकवलं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण. दशमीला साडेसात. हे पहाटे तसंच संध्याकाळी. मी थक्क झालो. निरक्षर माणसाने आकाशातला चंद्र कौलावर उतरवून दाखवला होता.

"पन ह्यो झाला अर्धा हिसोब," तो म्हणाला. "पुढला म्हातारीपाशी. खाडीचं पानी आळशी. उत्तरेचा वारा असला का आणखी आळशी. भांगाचं पानी, म्हंजे सातम-आठमीचं, थोडंच येतं आन कुरकुरत येतं. म्हनून तितं जाऊन थांबायचं. म्हातारीचं डोकं बुडलं, वर पानी सपाट झालं, का आत. नाय बुडलं, तर भायेर."

मी त्याचा अर्धा हिशेब घेऊन सबंध हंगामाचं वेळापत्रक केलं. सुंदर अक्षरात, रकाने आखून: तारीख, तिथी, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. दुसरा अर्धा, म्हातारीच्या डोक्याचा, कोणत्याच रकान्यात बसेना, म्हणून तो लिहिला नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हिराजी तांडेल यांच्या हिशेबानुसार'. त्याचा मान व्हावा म्हणूनच लिहिलं, हे मी देवाशपथ सांगतो. कागद कचेरीच्या दारावर लावला, एक प्रत इंग्रजीत करून इंजिनियरांना दिली. हिराजी हात धुऊन आला आणि म्हणाला, "माजं नाव खंय हाय, दाखवा." मी बोट ठेवलं. त्याने आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ तिथून काढलं नाही.

पुढे महिना-दीड महिना सैरी बिनबोभाट झाल्या. मी समजत होतो, माझं वेळापत्रक अचूक आहे. एका रविवारी मी बरोबर होतो. परतताना कागदाची वेळ झाली होती, पण हिराजी आत शिरेना. त्याने मचवा किल्ल्याच्या बाजूला वळवला, खलाशाला सांगून सगळ्यांना भिंतीतली तोफेची भोकं दाखवली, मग चहा करायला लावला, भाजलेले सुके बोंबील दिले. परदेशी मुलं बोंबलाचा वास घेऊन किंचाळली, सगळे हसले. या सगळ्यात अर्धा तास गेला. मग मचवा अलगद आत आला. धक्क्यावर मी विचारलं, "तांडेल, उशीर का केला?"

"पानी आयलं नव्हतं."

"मग तसं सांगायचं ना त्यांना."

"तुमी कागद लिवलाय, भाऊ. कागदाचीबी अब्रू ऱ्हायला पायजे."

म्हणजे दर रविवारी तो हेच करत होता. मी त्या वेळी हसलो.

तो दिवस संक्रांतीनंतरचा. तिथी अष्टमी. बगळासाहेबाचे कोणी वरिष्ठ बाहेरून आले होते. त्यांना संध्याकाळी बोईसरला गाडी पकडायची होती. मचव्यावर परदेशी आठ, खलाशी दोन, हिराजी आणि मी. दिवसभर उत्तरेचा थंड वारा होता. कागदावर भरती सहाची. साडेपाचला आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो आणि हिराजीने शीड उतरवलं.

म्हातारीचं डोकं चांगलं हातभर वर होतं.

सहा वाजले. त्या वरिष्ठांनी घड्याळ पाहिलं, खिशातून कागदाची प्रत काढली, माझ्यापुढे धरली. कशासाठी थांबलो आहोत, त्यांनी विचारलं. मी हिराजीकडे गेलो. त्याने किल्ल्याकडे चक्कर मारू म्हटलं, चहाचं काढलं. पाहुणे ऐकेनात. सव्वासहा झाले. सूर्य टेकला होता.

"तांडेल, चला आता."

"डोकं बुडलं नाय, भाऊ. त्यांना सांगा, आणखी अर्धा तास."

हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. एवढंच वाक्य. पण ते सांगायचं म्हणजे माझा कागद चूक आहे असं सांगायचं, त्या मोठ्या माणसासमोर, आणि माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी सांगितलं नाही. मी हिराजीलाच म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो, "अहो, हिशेब तुमचा, वर नाव तुमचं! अष्टमीला सहा, तुम्हीच सांगितलंत ना? का भीती वाटायला लागली म्हातारपणी?"

खलाशांनी वळून पाहिलं. हिराजीची मान खाली गेली. मग तो म्हणाला, "कागद तसं सांगतो?"

"तसंच सांगतो."

त्याने शीड चढवायला सांगितलं.

खडकावर लाकूड घासतं तो आवाज मी वर्णन करणार नाही. मचवा उजवीकडे कलंडला, खालची फळी फुटली, आणि ज्या पाण्याची अर्धा तास वाट बघायची होती, तेच पाणी आता मचव्यात भरू लागलं. बायका ओरडत होत्या. हिराजी खडकाच्या कडेला उतरून छातीभर पाण्यात उभा राहिला आणि एकेकाला खांद्यावर घेऊन पलीकडच्या वाळूवर पोचवू लागला. मुलं आधी, मग बायका. कोणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी स्वतःच उडी मारली, वाळू गाठली आणि मदत आणायच्या नावाखाली कचेरीकडे पळालो. खरं तर मला तिथे थांबायचं नव्हतं.

माणसं आणि कंदील घेऊन परत आलो. माणसांना पुढे पाठवलं आणि मी वरच, बांधाशी थांबलो. अंधुक उजेड होता, डोक्यावर अर्धा चंद्र होता. परदेशी लोक निघून गेले होते. 'महालक्ष्मी' एका कुशीवर पडली होती. हिराजी पाण्याच्या कडेला उभा होता, हातात कमरेची दोरी. तो खलाशाला समोर घेऊन त्याची गाठ सोडत होता. मग त्याने खाडीच्या तोंडाशी, म्हातारीकडे पाहिलं आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "आता बुडली."

मी घड्याळ पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं होती.

चौकशी आमच्याच कचेरीत झाली. टेबलावर वेळापत्रक होतं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी लिहिलं, तांडेलांच्या सांगण्यावरून."

"वेळेचा हिशेब त्यांचाच?"

"होय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी अर्धं बोललो. रकान्यात बसत नव्हतं ते पुन्हा एकदा गाळलं.

मग हिराजीला विचारलं. त्याने कागदाकडे पाहिलं, नाव कुठे आहे ते त्याला पाठ होतं. "हिसोब माजाच हाय, सायेब."

"आणखी काही सांगायचं आहे?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तांडेल शिडाचा दोर धरलेल्या खलाशाकडे पाहतो, आता सोडेल म्हणून, तसं. मी दौतीकडे बघत राहिलो.

"नाय सायेब," तो म्हणाला. "मचव्यावर मानूस चडला का त्यो तांडेलाचा. काय झालं ते तांडेलाचं."

परवाना रद्द झाला. दोन्ही खलाशांनी सगळं ऐकलं होतं, पण हिराजीने त्यांना बजावलं होतं, नावेवरचं बोलणं नावेबाहेर न्यायचं नाही. ते दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत. कागद मात्र पुढचा पावसाळा येईपर्यंत कचेरीच्या दारावर होता, कारण तो काढायचं मला धाडस होईना. येणारा-जाणारा वाचायचा, 'हिराजी तांडेल यांच्या हिशेबानुसार', आणि हसायचा. तिथून ती म्हण निघाली. चिंचणीच्या पंगतीत आली ती माझ्याच अक्षरातून.

मी उन्हाळ्यात कायम झालो.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. जायच्या दिवशी त्याच्या घरी गेलो. का गेलो ते मला माहीत होतं. बकऱ्यांच्या गोठ्याला 'महालक्ष्मी'ची फळी लावली होती, 'लक्ष्मी' ही अक्षरं उलटी. पडवीत हिराजी दुसऱ्या कोणाचं तरी जाळं विणत बसला होता. आधी माझ्या लक्षात आलं नाही, काय चुकल्यासारखं वाटतंय ते. मग कळलं. त्याची पाठ समुद्राकडे होती.

मथीबायने पाणी आणलं. "जाता म्हंजे लांब जाता का, भाऊ?"

"रत्नागिरीकडे."

"तितंबी दर्या हायच की," हिराजी म्हणाला. "पानी मातर तितलं लवकर येतं. तिथीवर चालतं."

त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि कमरेची दोरी काढली. तिला एकच गाठ होती, घट्ट, काळी पडलेली.

"ही तुमची. त्या दिशी तुमी धावत गेलात. बाकी सगल्यांच्या सोडल्या, माजीबी. तुमची ऱ्हायली."

"मग सोडा आता," मी म्हणालो.

त्याने गाठीवर नख ठेवलं आणि वर पाहिलं. कचेरीत पाहिलं होतं तसंच. शब्द माझ्या ओठांवर होते: तांडेल, तुम्ही अर्धा तास मागितला होता, तो मी त्यांना सांगितलाच नाही. अधिकाऱ्यांकडे चला, मी आज लिहून देतो. एवढंच बोलायचं होतं. तो थांबला होता. मथीबायही दारात थांबली होती.

नाक्यावर बोईसरची एस.टी. लागल्याचा हॉर्न ऐकू आला.

"येतो मग," मी म्हणालो.

"या," तो म्हणाला.

कुंपणाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. हिराजी समुद्राकडे पाठ करून तसाच बसला होता आणि दोरी परत कमरेला बांधत होता. गाठ त्याने सोडली नव्हती.